आधी सवयी, मग सिस्टीम: घरचा कॉम्प्युटर लिनक्सवर नेताना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि बरेच जुने प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे कितीतरी घरांत आज असा कॉम्प्युटर आहे की स्क्रीन, कीबोर्ड, मदरबोर्ड सगळं ठणठणीत, पण पुढे जायची अधिकृत वाट बंद. अशा मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं तर ते आणखी काही वर्षं रोजच्या कामाला निर्धास्त वापरता येतं.

मी घरातले, नात्यातले, ओळखीतले बरेच कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आहेत. त्यातले काही परत विंडोजवर गेले. ते का गेले हे आठवून पाहिलं, तर इन्स्टॉल करताना अडलं म्हणून एकही गेलेला नाही. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाचं काम. गाडी अडली ती चौथ्या-पाचव्या दिवशी. जुनी फाइल उघडली तर अक्षरं भलतीच दिसली. प्रिंटची घाई होती आणि प्रिंटर कुठे जोडायचा ते कळेना. पासवर्ड ज्या ब्राउझरमध्ये साठवले होते तो ब्राउझरच आता नव्हता. सिस्टीम नवी, प्रोग्राम नवे, फाइल ठेवायच्या जागाही नव्या, आणि सगळं एकाच दिवशी. मग कुणीही वैतागतो. म्हणून या लेखाचा बराचसा भाग, ज्यावरून लिनक्स टाकायचं त्या पेनड्राइव्हला हात लावण्याआधीच्या कामांचा आहे. तो भाग घाईत ओलांडू नका.

पहिले तीन आठवडे: विंडोजवरच राहा

कीबोर्डशेजारी एक कागद ठेवा. पंधरा दिवस घरातला जो कोणी कॉम्प्युटरवर बसेल त्याने जो प्रोग्राम उघडला त्याचं नाव त्यावर लिहायचं. आठवून यादी करू नका. आठवणीतून केलेल्या यादीत वर्षातून एकदा लागणारं, पण नेमकं अडवणारं सॉफ्टवेअर हमखास सुटतं.

पंधरा दिवसांनी त्या नावांचे तीन गट पडतात. पहिला गट ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कामांचा: ईमेल, बँक, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म. यात काहीच बदलत नाही. दुसरा गट लिनक्सवरही मिळणाऱ्या किंवा तोडीस तोड पर्याय असलेल्या प्रोग्रामचा. क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी, झूम, टेलिग्राम लिनक्सवर आहेतच. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिबरऑफिस, फोटोशॉपच्या जागी गिम्प किंवा क्रिटा, आउटलुकच्या जागी थंडरबर्ड. तिसरा गट विंडोजशिवाय न चालणाऱ्यांचा: ऑटोकॅड, अडोबीचे प्रोग्राम, हिशेबाची काही सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसोबत येणारे काही प्रोग्राम, आणि व्हॅलोरंटसारखे गेम, ज्यांची फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करते.

निर्णय तिसऱ्या गटावर अवलंबून आहे. तो रिकामा असेल तर निःशंकपणे पुढे जा. त्यात महिन्यातून एकदा लागणारं एखादंच सॉफ्टवेअर असेल तर विंडोज शेजारी ठेवून दोन्ही सिस्टीम वापरता येतात. पण रोजची रोजीरोटी ज्यावर आहे असं सॉफ्टवेअर त्या गटात असेल, तर हे मशीन बदलू नका, घरातलं दुसरं निवडा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून विकसित होतंय आणि पुष्कळ गोष्टी चालवतंही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम तर २०१८ मध्ये आलेल्या प्रोटॉनमुळे मोठ्या संख्येने चालतात. तरी पोटापाण्याचं काम ‘चालेल बहुतेक’ या भरवशावर टाकू नये असं मला ठामपणे वाटतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या गटातले पर्याय जवळजवळ सगळे विंडोजवरही मोफत मिळतात. ते आजच विंडोजवर टाका आणि तिथेच वापरायला लागा. लिबरऑफिसमध्ये पत्र लिहा, खर्चाचा तक्ता त्यात उघडा. ब्राउझर फायरफॉक्स ठरवला असेल तर पासवर्ड आणि बुकमार्क त्यात आत्ताच आयात करून घ्या आणि सिंक चालू करा. जे खुपेल ते या तीन आठवड्यांत खुपू द्या, कारण तेव्हा जुना प्रोग्राम शेजारी हजर असतो. मग ज्या दिवशी सिस्टीम बदलेल, त्या दिवशी समोरचे प्रोग्राम ओळखीचेच असतील. बदललेला असेल तो मेनू आणि वॉलपेपर.

लिबरऑफिसबद्दल दोन शब्द. साध्या फाइल्स ते नीट उघडतं. गुंतागुंतीची पानरचना असलेल्या वर्डच्या फाइलमध्ये ओळी थोड्या सरकतात, आणि एक्सेलचे मॅक्रो जसेच्या तसे चालतीलच असं नाही. स्वतःसाठी ओडीटीत (लिबरऑफिसच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात) साठवा, समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा, आणि त्याला बदल करायचे असतील तरच डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल.

जुन्या मराठी फाइल्सचा प्रश्न

आपल्याकडचा हा खास प्रश्न आहे, आणि लिनक्सवर येणाऱ्या मराठी माणसाला तो कुणी आधी सांगत नाही. नात्यातल्या एका काकांच्या कॉम्प्युटरवर पंधरा-वीस वर्षांचं लेखन होतं. लिबरऑफिसमध्ये पहिली फाइल उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं असा पसारा समोर आला. काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सगळं गेलं.

गेलं काहीच नव्हतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीचे श्रीलिपी, कृतीदेव यांसारखे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवत असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठलेलं असतं ते इंग्रजी अक्षर. ‘क’चा आकार फक्त फाँटमध्ये असतो. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी दिसतं. म्हणून विंडोज पुसण्याआधी दोन कामं करा. कंट्रोल पॅनेलमधल्या फाँट्स फोल्डरमधून हे जुने फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. तुमच्याकडे त्यांचा परवाना असेल तर लिनक्सवर त्या फाँट-फाइलवर डबल-क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की लेखन पुन्हा पहिल्यासारखं दिसतं. दुसरं काम सावकाशीचं: महत्त्वाच्या फाइल्स कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतर झाल्यावर मुळाशी ताडून पाहा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. काकांच्या फाइल्सचं काम आम्ही पुढे कित्येक रविवार करत होतो, पण आता ते लेखन कोणत्याही फोनवर वाचता येतं.

मंगल फाँटमधल्या फाइल्स युनिकोडच असतात. लिनक्सवर मंगल नसतो, म्हणून त्या नोटो किंवा लोहित या फाँटमध्ये दिसतील. मजकूर शाबूत राहतो, पानं मात्र थोडी कमी-जास्त होऊ शकतात.

बॅकअप, आणि तो तपासणं

बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि आपला पूर्ण यूजर फोल्डर तिच्यावर उतरवा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका. बहुतेकांचं खरं सामान तिथेच असतं. डी किंवा ई ड्राइव्ह वेगळे दिसत असले तरी ते बहुधा त्याच डिस्कचे भाग असतात, आणि ‘पूर्ण डिस्क पुसा’ म्हटलं की तेही जातात. डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज फार महागात पडतो.

एक सापळा नीट समजून घ्या. वनड्राइव्हसारख्या सेवा वापरत असाल तर फोल्डरमध्ये दिसणाऱ्या काही फाइल्स प्रत्यक्ष डिस्कवर नसतात, नुसतं नाव असतं आणि शेजारी ढगाचं छोटं चिन्ह. अशा फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळं उतरेपर्यंत थांबा, मगच कॉपी करा. नंतर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फाइल्स उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

यानंतर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून डेटा कुलूपबंद करणं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाच्या नकळत चालू असतं. एका लॅपटॉपवर मी हे न पाहताच बायोसमधली (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरची) एक सेटिंग बदलली आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होण्याऐवजी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठलेली निघाली म्हणून निभावलं, पण ती सापडेपर्यंतचा एक तास मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा आधी ती की शोधून कागदावर लिहून घ्या. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत वाट पाहा, आणि पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं ठरतं.

परतीची वाटही आत्ताच बांधून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलर तयार करा आणि कपाटात ठेवा. त्याच मशीनवर विंडोज आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर पुन्हा टाकल्यावर डिजिटल परवाना सहसा आपोआप ओळखला जातो.

मशीनमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर माझा आवडता मार्ग सांगतो: नवी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि लिनक्स एसएसडीवर टाका. विंडोज आणि सगळ्या फाइल्स जशाच्या तशा कपाटात राहतात, आणि जुनं मशीन जेवढं एसएसडीने सुधारतं तेवढं दुसऱ्या कशानेच सुधारत नाही.

कोणतं लिनक्स?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहायला घेतला. दोन्हींचा कोड सर्वांना खुला. त्यामुळे कोणीही हे भाग एकत्र बांधून आपली सिस्टीम तयार करू शकतो, आणि अशा बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. शेकडो डिस्ट्रो आहेत. त्यांची तुलना वाचण्यात महिना घालवणारे आणि शेवटी काहीच न टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

घरच्या कॉम्प्युटरसाठी लिनक्स मिंट घ्या. ते २००६ पासून आहे, उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोवर बांधलेलं आहे, आणि विंडोज ७ किंवा १० वापरलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ दिसतं. २२ मालिकेच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान गरज २ जीबी रॅमची सांगतात, पण आजचे ब्राउझर पाहता ४ च्या खाली जाऊ नये. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपसह मिळतं: ८ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन, ४ असेल तर हलकं एक्सएफसीई. प्रोसेसर ६४-बिट हवा. २०२० च्या मिंट २० पासून ३२-बिट आवृत्ती निघत नाही.

उबुंटू, फेडोरा, डेबियन हीही उत्तम आहेत. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते, म्हणजे दरवर्षी मोठं अपडेट करावं लागतं. ज्याला कॉम्प्युटरमध्ये रमायला आवडतं त्याला ते चालेल. आईवडिलांच्या मशीनवर मी ते टाकणार नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधलेली संपूर्ण सिस्टीम, उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. त्याच पानावर एसएचए२५६ नावाचा, फाइलच्या बोटाच्या ठशासारखा लांबलचक आकडा दिलेला असतो. तो फाइलशी जुळवून पाहा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक केल्यावर येणाऱ्या मेनूत एसएचए-२५६ काढता येतो. पहिली आणि शेवटची आठ-दहा अक्षरं जुळवून पाहिली की अर्धवट किंवा खराब उतरलेली फाइल लगेच ओळखू येते. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी करून आयएसओची लिंक बदलण्यात आली होती आणि काही लोकांनी मागचं दार (हल्लेखोराला चोरून आत शिरू देणारी वाट) असलेली प्रत उतरवली होती. म्हणून मिंटवाले आकड्यांच्या यादीवर डिजिटल सहीही देतात, आणि ती तपासायची रीत त्यांच्या मार्गदर्शिकेत आहे.

फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. बलेना एचर किंवा रूफस हा प्रोग्राम घ्या, फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, सुरू करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे बॅकअपची डिस्क त्या वेळी काढून ठेवा.

आधी चालवून पाहा

पेनड्राइव्ह लावून विंडोजमधून शिफ्ट दाबून ठेवत रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. तो पर्याय नसेल तर मशीन सुरू होताना एफ१२, एफ९, एस्केप यांपैकी जी कळ तुमच्या कंपनीची असेल ती टिचकी मारल्यासारखी दाबत राहा. बूट मेनू येतो. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर याची गरज पडू शकते.

काही क्षणांत मिंटचा डेस्कटॉप दिसतो. ही सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालते आहे. डिस्कला अजून हात लागलेला नाही. वेग पाहून मत बनवू नका, पेनड्राइव्ह मुळातच मंद असतो. इथे एक तास द्या. वायफाय जोडा. व्हिडिओ लावून आवाज ऐका, हेडफोनमधून आणि स्पीकरमधूनही. कॅमेरा, माइक, ब्ल्यूटूथ पाहा. ब्राइटनेसच्या कळा दाबा. लॅपटॉपचं झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा आणि तो नीट जागा होतो का ते बघा. प्रिंटर जोडा, नेटवर्कवरचे बरेच नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवायच (उपकरण चालवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामशिवाय) दिसतात, पण स्कॅनर वेगळा तपासा.

वायफाय दिसलंच नाही तर धीर सोडू नका. काही वायफाय चिपचे ड्रायव्हर नंतर टाकावे लागतात आणि ते उतरवायला इंटरनेट लागतं. फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला फोन वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, आणि मग ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर शोधून देतो.

इन्स्टॉल

लॅपटॉप चार्जरला लावा. बाहेरच्या सगळ्या डिस्क काढा. चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका तिथेच संपतो. मग डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल-क्लिक.

कीबोर्डच्या प्रश्नाला इंग्रजी कीबोर्डच द्या, मराठी नंतर जोडता येतो. सुरुवातीलाच मराठी निवडला तर पासवर्ड देवनागरीत टाइप होऊन लॉगइनच्या पडद्यावर अडकायला होतं. ‘मल्टिमीडिया कोडेक’च्या (व्हिडिओ-गाणी चालवणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. त्या वेळी सिक्युअर बूटसाठी (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणाऱ्या सोयीसाठी) पासवर्ड मागितला तर साधी इंग्रजी अक्षरं द्या आणि कागदावर लिहा. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येईल. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडा वेळच थांबतो, म्हणून मशीन सोडून जाऊ नका.

‘इन्स्टॉलेशन टाइप’ या पानावर मात्र हात आखडता घ्या. ‘इरेज डिस्क’ म्हणजे निवडलेली डिस्क पूर्ण पुसणार. ‘अलाँगसाइड’ म्हणजे विंडोज शेजारी राहणार. त्यासाठी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आधीच आकसून किमान ५०-६० जीबी जागा मोकळी ठेवलेली बरी. ‘समथिंग एल्स’ पहिल्यांदा करणाऱ्याने टाळावं. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा रेड प्रकारावर असण्याची शक्यता आहे, ते एएचसीआयवर न्यावं लागतं. विंडोज ठेवायचं असेल तर ही सेटिंग सरळ बदलू नका; बदलल्यावर विंडोज सुरू होईनासं होऊ शकतं, त्यासाठी आधी त्याला सेफ मोडमधून तयार करावं लागतं.

लॅपटॉप बाहेर नेत असाल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये एन्क्रिप्शन चालू करा. त्याचा पासवर्ड विसरलात तर डेटा कुणालाच परत काढता येत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बाकीचे प्रश्न नाव, वेळ आणि पासवर्डचे. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

पहिल्या दिवशी

मिंटची स्वागत-खिडकी उघडते, तिच्यातल्या ‘फर्स्ट स्टेप्स’च्या क्रमाने जा. सर्वांत आधी टाइमशिफ्ट. ते सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं. अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेतं. रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन पुरेत, नाहीतर डिस्क भरत जाते. टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रं धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा. मग ड्रायव्हर मॅनेजर, मग अपडेट मॅनेजर. विंडोजसारखं कामाच्या मध्येच रीस्टार्ट होत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा अपडेट होतं.

प्रोग्राम टाकायची सवय मात्र मुळातून बदलायची आहे. गूगलवर शोधून कुठल्यातरी संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवायचा नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव शोधा, इन्स्टॉल दाबा. तिथून आलेले प्रोग्राम सिस्टीमसोबतच अपडेट होतात. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवणं हे लिनक्सवरचं खरं धोक्याचं काम. पासवर्ड मागणारी आज्ञा दिसली की ती नेमकं काय करते ते वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

फाइल्स परत आणताना दोन फरक लक्षात ठेवा. इथे सी आणि डी ड्राइव्ह नाहीत. तुमचं सगळं ‘होम’ फोल्डरमध्ये, आणि पेनड्राइव्ह डावीकडच्या यादीत दिसतो. शिवाय नावातलं इंग्रजी अक्षर मोठं की लहान याला अर्थ आहे, त्यामुळे दोन सारख्या नावांच्या फाइल्स एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात.

मराठी टायपिंग

इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीची सवय असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’ उघडा आणि मराठी जोडा, एवढंच. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप करून मराठी हवं, त्यांनी इनपुट मेथडमधून आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम टाकावा आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून त्याचं एम१७एन हे पॅकेज घ्यावं. लॉगआउट करून परत आलात की मराठीत इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, गमभन असे पर्याय दिसतात. गमभनची बोटांना सवय असलेल्या माणसाला ते नाव त्या यादीत दिसलं की होणारा आनंद मी पाहिला आहे. भाषा बदलायची कळ एकदाच ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना तीच शिकवा.

मेनूंची भाषाही मराठी करता येते, पण सगळा अनुवाद पूर्ण नसतो आणि अडचण शोधताना सापडणारी बहुतेक मदत इंग्रजी मेनूंच्या नावांनी लिहिलेली असते. सुरुवातीचे काही महिने मेनू इंग्रजी आणि टायपिंग मराठी ही जोडी मला सोयीची वाटते.

पुढचा महिना

दोन्ही सिस्टीम ठेवल्या असतील तर विंडोजमधलं घड्याळ चुकलेलं दिसेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की तात्पुरतं जमतं. एखादं मोठं विंडोज अपडेट झाल्यावर मशीन थेट विंडोजमध्येच जायला लागलं तर घाबरू नका. लिनक्स पुसलं गेलेलं नसतं, बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन लिनक्सची नोंद पुन्हा वर आणायची.

अपडेटनंतर वायफाय किंवा आवाज गेला तर सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून पाहा. मेनू दिसतच नसेल तर मशीन सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबा. जुन्या कर्नलवर सगळं चालत असेल तर काही दिवस तोच वापरा, पुढच्या अपडेटची वाट बघा.

घरातल्या इतरांसाठी एक वही ठेवा: काय अडलं, तारीख, कसं सुटलं. पहिल्या आठवड्यात पानं भराभर भरतात, चौथ्या आठवड्यात ओळ-दोन ओळी. त्या वहीत एकच तक्रार तीनदा आली तर ती माणसाची सवय नसून सिस्टीममधली खरी अडचण आहे असं समजा आणि बसून सोडवा.

बॅकअपची ती बाहेरची हार्डडिस्क, किंवा जुनी काढलेली डिस्क, निदान दोन महिने तशीच राहू द्या. एखादा फोल्डर आणायचा राहिला हे सहाव्या-सातव्या आठवड्यात, भलत्याच कामाच्या वेळी लक्षात येतं. तो सापडला, आणि त्यानंतर दोन आठवडे तिला हात लावावा लागला नाही, की मगच ती दुसऱ्या कामाला घ्या.